ऐकलं हो, नाईक

पाहुणे, आज या कासार आळीत मुक्काम आहे ना, मग रात्री एक ऐकाल. पहारेकऱ्याची शिट्टी वाजली की कुठल्यातरी खिडकीतून आवाज येतो, "ऐकलं हो, नाईक!" पहारेकऱ्याचं नाव काहीही असो, आळी त्याला नाईकच म्हणते. मी एकतीस वर्षं इथे गस्त घातली, मलाही तेच म्हणत. पण मूळचा नाईक म्हणजे दौलती खोमणे. माझ्या आज्यानं सांगितलं तसं सांगतो.

तेव्हा आळीला दिवे नव्हते. दौलती कंदील आणि काठी घेऊन रात्रभर फिरायचा, दर प्रहराला "हुश्शाऽर!" अशी आरोळी द्यायचा. दिवसा तो झोपलेला, त्यामुळे अर्ध्या आळीनं त्याचं तोंडही नीट पाहिलं नव्हतं म्हणे. लोक ओळखायचे ते आवाजावरून.

एकदा त्याला धूर दिसला. त्यानं घरोघरची दारं ठोठावून सगळ्यांना उठवलं. पाहतात तर एक भट्टी नुसती धुमसत होती. पहाऱ्याचा पगार देणारा सोपानशेट कासार भडकला. "पुन्हा दाराला हात लावलास तर कामावरून काढीन. ओरडायचं तेवढं ओरड!"

पुढे भाद्रपदात, मध्यरात्री, दौलतीला साप चावला. फरफटत तो सोपानशेटच्या ओट्यापर्यंत आला. जीभ जड झालेली, दुसरा शब्द फुटेना. तोंडात बसलेली आरोळीच तेवढी बाहेर पडत होती.

आत सोपानशेटची बायको गजराबाई जागी झाली.

"अहो, आज याची हाक निराळी वाटते."

"झोप गं. त्याचं कामच आहे ते."

ती पडून राहिली. थोड्या वेळानं हाक थांबली आणि तिचाही डोळा लागला.

सकाळी सडा टाकायला तिनं दार उघडलं, तर दौलती चौकटीला टेकून बसलेला. अंग गार पडलेलं. कडी अगदी हाताशी होती, पण त्यानं ती वाजवली नव्हती.

तेराव्यानंतर दौलतीचा भाऊ गस्तीला आला. गजराबाई खिडकीत बसून राहिली होती. पहिली आरोळी झाली तशी ती म्हणाली, "ऐकलं हो, नाईक!" भाऊ दचकला. मग कंदील खाली ठेवून तिथेच रडला, असं सांगतात.

त्यानंतर तिनं एकही रात्र चुकवली नाही. सोपानशेट भिंतीकडे तोंड करून पडायचा. बारा वर्षांनी गजराबाई वारली. त्या रात्री आरोळी झाली आणि सगळी आळी कान देऊन बसली. बराच वेळ गेला. मग त्याच खिडकीतून सोपानशेटचा घोगरा आवाज आला, "ऐकलं हो, नाईक."

तो गेल्यावर शेजाऱ्यांनी पाळी लावून घेतली. आजही ती घरोघरी फिरते. ज्या घरी सुतक असतं तेही घर आपली रात्र दुसऱ्यावर ढकलत नाही.