रोज उघडलेलं कलम

“मग तुमच्या मते ओढ म्हणजे काय, बुवा?”

विचारलं खरं, पण उत्तराला थांबायची सवय हेरंब केळुसकरला नव्हती. माणसाला माणूस का आवडतो, या एकाच गोष्टीचा त्यानं पुण्याच्या प्रयोगशाळेत सात वर्षं पिच्छा पुरवला होता. तेव्हा उत्तरही त्यानंच दिलं.

“निम्मं काम नाक करतं. अंगाचा वास. मग डोळे... आवडतं माणूस समोर आलं की बाहुल्या मोठ्या होतात. मग छातीचे ठोके. सगळं मोजता येतं.”

नारबुवा मातीत हात घालून बसले होते. मठाच्या मागं आंब्याची कलमं बांधण्यात त्यांचा सगळा श्रावण जाई.

“असेल,” ते म्हणाले.

हेरंबचा जरा विरसच झाला. बुवा वाद घालतील, आत्मा-बित्मा काढतील आणि मग आपण त्यांना गार करू, अशी जय्यत तयारी करून आज स्वारी मठामागं आली होती. बुवा तर कबूल करून मोकळे झाले.

“तीन आठवडे झाले तुला येऊन. तुझ्या आईनं तुला माझ्याकडं धाडलं ते हे सांगायला?”

“नाही... शाल्मलीचं आहे.”

शाल्मली लग्नाला केव्हाच तयार होती. हा म्हणायचा, अजून सहा महिने आपल्या दोघांच्या नोंदी होऊ देत. असे सहा महिने चारदा झाले. शेवटी ती वैतागली. नागपूरची बदली तिनं मागून घेतली आणि त्याला महिन्याची मुदत दिली. येत्या सोमवारी ती संपत होती. आज शनिवार.

“आणि गेली ती तर?”



“मला नाही सहन होणार, बुवा. पण आधी खात्री नको का करायला?”

बुवांनी हात झटकले. “चल, तुझं कलम बघू.”

तीन आठवड्यांपूर्वी, आल्या दिवशीच, बुवांनी त्याला एक कलम बांधायला दिलं होतं. मुळं धरलेल्या खुंटाला चीर द्यायची, चांगल्या आंब्याच्या काडीला पाचरीसारखं तासायचं, एकात एक बसवून वरून पट्टी आवळायची. हेरंबनं खुंट आणि काडी जाडी मोजायच्या व्हर्नियरनं मोजून घेतली होती. बुवांच्या पंचवीस कलमांशेजारी त्याचंही एक ओळीत ठेवलेलं होतं.

पंचवीसांना तांबूस पालवी फुटली होती. सव्विसावं काळं पडलं होतं.

“शक्य नाही,” हेरंब म्हणाला. “दोघांची जाडी एक होती. अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नव्हता.”

“नव्हताच. चीरसुद्धा माझ्यापेक्षा सरळ होती तुझी.”

“मग?”

बुवा खाली बसले. त्यांनी पट्टीचं टोक चिमटीत धरलं. चुरगळून चुरगळून त्याची पार वात झाली होती.

“कितीदा सोडलीस?”

“रोज. सकाळी एकदाच... आत जुळतंय का, तेवढं बघायचो.”

बांधलेलं सोडायचं नसतं, हे बुवांनी त्याला सांगितलं नव्हतं. आजवर कुणाला सांगावंच लागलं नव्हतं.

“जुळत होतं?”

“आठव्या दिवशी धरलं होतं. मी स्वतः पाहिलं.”

“मग?”

“मग नवव्या दिवशी खात्री करायला म्हणून...”



आतून मठातल्या घंटेचा आवाज आला. बुवांनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

“रोज संध्याकाळी मी तिला विचारायचो,” हेरंब हळूच म्हणाला. “आज मी दहापैकी किती आवडलो? ती सांगायची. मी वहीत लिहायचो. पहिल्या वर्षी हसून सांगायची...”

“आणि आता?”

“आता म्हणते, तुला हवं ते लिही.”

 सात वर्षांत हा फरक त्यानं कुठं मोजला नव्हता.

“बुवा... आमचंही सुकलं असेल?”

“मुदत दिलीय ना तिनं?”

“हो. सोमवारपर्यंत.”

“मग ओलावा आहे अजून.” बुवांनी पिशवीतला नवा खुंट पुढं सरकवला, वर एक काडी ठेवली. “बांध.”

हेरंबचा हात सवयीनं खिशातल्या व्हर्नियरकडं गेला. मग तो तसाच बाहेर आला. त्यानं चीर दिली, काडी तासली, बसवली, पट्टी आवळली. चीर थोडी वाकडीच गेली.  बुवांनी ती पिशवी तशीच उचलली आणि ओळीत ठेवून दिली.

अकराच्या एसटीला वीस मिनिटं होती. हेरंबनं हात धुतले, बॅग खांद्याला लावली आणि शाल्मलीला फोन केला. म्हणाला, “निघालोय. हो म्हणायला येतोय.”  मग ती म्हणाली, “जेवून निघ.”

वही त्यानं मठाच्या कट्ट्यावरच ठेवली. फाटकापर्यंत गेला आणि व्हायचं तेच झालं. पाय अडखळले, माणूस मागं वळला.

“बुवा, एक शेवटचं. आमचं जुळतंय, हे मला कळणार कसं?”

बुवा झारी घेऊन ओळीच्या टोकाला पोचले होते.

“पन्नास वर्षं कलमं बांधतोय,” ते म्हणाले. “जुळताना एकसुद्धा पाहिलेलं नाही.”