पापुद्रीची धाकटी

त्या राज्यात अंधार पुष्कळ होता आणि उजेड राहायचा तो फक्त रंगांच्या अंगात. रंग मात्र जात्याच नाजूक. हात लागला तर विस्कटायचे, पाणी लागलं तर विरघळायचे. म्हणून जन्मापासून ते लेकींसारखे आईच्या पोटाशी चिकटून असत. आणि तिथल्या आया म्हणजे पातळशा पापुद्र्या.

खाली काचेचं माळरान पसरलेलं. त्यात प्रत्येक रंगासाठी एकेक घर कोरलेलं. घरी पोहोचला तरच रंग उजळायचा. आईपाशी राहिला तर तसाच काळवंडून जायचा. पाठवणीची रीत ठरलेली होती. पापुद्रीने माळावर पालथं पडायचं, तापल्या बोटाच्या ऊबमावशीने तिच्या पाठीवरून बोट फिरवायचं, आणि बोट फिरेल तेवढ्याच जागी आईने लेकीला सोडायचं. कमी नाही, जास्त नाही.

हिरव्या पापुद्रीची थोरली अशीच गेली होती. आईचा जीव तो! सोडता सोडता तिने लेकीच्या पदराची किनार चिमटीत धरून ठेवली, आठवण म्हणून. किनार फाटली. थोरलीचं घर तेव्हापासून एका अंगाने अंधारलेलंच, आणि पापुद्री त्या बाजूला मान वळवत नसे.

आज धाकटीची पाळी होती.

"मावशी, जरा दमानं घ्या हो," पापुद्री काकुळतीला येऊन म्हणाली.

"दमानं घेतलं तर पोर करपेल, बाई," ऊबमावशी म्हणाली. "माझं बोट थांबत नसतं. तू तेवढी मूठ उघड."

"आणि नाही उघडली तर?"

मावशीने थोरलीच्या घराकडे नुसतं पाहिलं.

बोट फिरलं. पाठ आधी कोमट झाली, मग चांगलीच तापली. झोप लागता लागता वाटतं तसं पापुद्रीला हलकं वाटू लागलं. पोटाशी धाकटी सैल होत चालली होती. चिमटी आपोआप आवळली गेली, थोरलीच्या वेळी आवळली तशीच. मग पापुद्रीने डोळे मिटले आणि बोटं एकदम सोडली. फार दुखलं.

रीतीप्रमाणे तिला उचलून माळाच्या वर टांगलं, तेव्हा तिच्या अंगाला दोन लेकींच्या जागी दोन भोकं होती आणि त्यांतून वारा आरपार जात होता. खाली घरं हळूहळू जागी झाली. धाकटी उजळली, आणि तिचा हिरवा उजेड वर येऊन आईच्या अंगातल्या नव्या भोकात काठोकाठ भरला.

शेजारच्या भोकातून थोरलीचाही उजेड आला. त्या भोकाच्या कडेला जपून ठेवलेली ती किनार अजून लोंबत होती, काळी ठिक्कर.