तिसऱ्या मजल्यावरचा नळ

"मग कुलूप बदलू की नको, अप्पा? एवढंच सांगा."

गुरुपाद शेटे मठाच्या ओसरीवर उभाच होता. बस म्हणूनही बसला नव्हता. फाटकाशी चावीवाला मोटरसायकल चालू ठेवून थांबला होता.

अप्पा वाती वळत होते. मठाच्या अठरा खोल्या ते चाळीस वर्षं भाड्याने देत आले होते, आणि एकाही खोलीचा वाद कोर्टात गेला नव्हता. म्हणून मिरजेतले घरमालक अडले की त्यांच्याकडे येत. गुरुपाद अडला नव्हता. त्याला फक्त होकार हवा होता.

"करार केलाय?"

"अकरा महिन्यांचा. रीतसर नोंदवून. मी कच्चं काम करत नाही."

"उरले किती?"

"...चार."

"भाडं थकलंय?"

"भाड्याचं काही नाही. बाई बाकीच्या अकरा खोल्यांना फितवते. म्हणे, न्हाणीतल्या नळाला शॉक बसतो. वायरमन दोनदा पाठवला. काही नाही म्हणाला. नर्स आहे, पाचला ड्यूटीवरून येईल. त्याच्या आत..."

"आता खोलीत कोण आहे?"

"तिची आई. तिला जिन्यात बसवू."

अप्पांचे हात थांबले.

"चल," ते म्हणाले.

शेटेच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर गुरुपादने खिशातून जादा चावी काढली. अप्पांनी त्याचं मनगट धरलं आणि स्वतः कडी वाजवली.

"माझंच घर आहे, अप्पा."

"घर तुझं. दार तिचं."

दार उघडायला वेळ लागला. आत पाठीत वाकलेली म्हातारी होती. मालकाला पाहून तिने पदर सावरला. मागे चावीवाला दिसला, तशी ती दाराच्या चौकटीला धरूनच राहिली.

"अम्मा," अप्पा म्हणाले, "पाय धुवायला पाणी मिळेल?"

ती वळली. अप्पांनी तिला थांबवलं.

"तुम्ही नका. गुरुपाद देईल."

न्हाणीची फरशी ओली होती. गुरुपादने चप्पल दाराशीच काढली होती. वर गिझरचा लाल दिवा जळत होता.

"सोड नळ."

गुरुपादने हात पुढे केला. बोटं नळापासून चार अंगुळांवर आली... आणि तिथेच राहिली.

वायरमन काय म्हणाला होता ते त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. अर्थिंग गेलंय, शेटे. सगळी लाईन उकरावी लागेल. तोवर हा गिझर चालू ठेवू नका. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

"काय झालं?"

"...चप्पल घालून येतो."

 म्हातारी पुढे झाली, मालकाला मदत करावी तशी.

"असा नाही सोडायचा, मालक. हे घ्या." तिने खुंटीवरचं लाटणं काढून त्याच्यापुढे धरलं. "मी रोज यानेच फिरवते. कधी विसरते. मग हात दिवसभर बधिर राहतो."

गुरुपादने लाटण्याकडे पाहिलं. तिच्या पायांकडे पाहिलं. ती अनवाणी होती.

तो जिन्यातल्या मेन स्विचकडे धावला. मजल्यावरचे पंखे एकेक करून थांबले. लोक दारात आले.

"वायरमनला घेऊन ये," तो चावीवाल्यावर ओरडला. "आत्ता! सगळी लाईन उकरायचीय म्हणून सांग. बाराही खोल्यांची."

चावीवाला उतरत होता, तेवढ्यात खालून पांढऱ्या गणवेशातली रुबीना पटवेगार वर आली. मजल्यावर जमलेली माणसं, मालक, उघडं दार... तिचा चेहरा उतरला. ती कुणाकडे न बघता धावत आत गेली आणि आईला दोन्ही हातांनी चाचपू लागली.

गुरुपाद जिन्यातच उभा राहिला. 

"अप्पा... तिला काय सांगू?"

अप्पा कठड्याला धरून एक पायरी उतरले.

"सांगू नकोस. विचार, ती तुला मालक म्हणून ठेवून घेते का."