हिरोजी तांडेलाचा कान

फार पूर्वी, डोंगर संपतो आणि दर्या सुरू होतो तिथल्या चिंचोळ्या पट्टीवर कोळ्यांचं एक गाव होतं. गावाला रस्ता नव्हता. पहाटे खाडीवर धुकं उतरलं की घरं, होड्या, माणसं सगळंच तरंगल्यासारखं दिसे. त्या धुक्यातून सगळ्यांच्या पुढे निघे ती होड्यांचा म्होरक्या, हिरोजी तांडेल, याची होडी.

हिरोजीकडे एक विद्या होती. तो वल्हं पाण्यात उभं धरायचा, वरच्या टोकाला कान लावायचा आणि डोळे मिटायचा. खाली घोळ मासळीचा थवा असला की त्याचा घुमारा लाकडातून वर येई, लांबच्या देवळात ढोल वाजावा तसा. मग हिरोजी हात वर करी आणि मागच्या सहाही होड्या तिथे जाळी टाकत. गावाची चूल त्या एका हातावर पेटायची.

कुणी म्हणालं, "तांडेलबाबा, आम्हालाही शिकवा की," तर तो हसून म्हणे, "अरे, असा कान जन्माबरोबर यावा लागतो."

एका वर्षी हिरोजीला समुद्र फार गोड वाटू लागला. लाटा खडकावर फुटायच्या त्याही आवाज न करता, जणू कुणी कापसावर दूध ओततंय. माडाच्या झावळ्या नुसत्याच हलायच्या. 'दर्या म्हातारा झाला, निवला,' असं तो मनाशी म्हणे. समोरच्याचे ओठ बघून बोलणं कळे, त्यामुळे काही अडत नव्हतं.

मग एका पहाटे त्याने वल्ह्याला कान लावला, तर लाकूड मुकं. त्याने दुसरा कान लावला. तिथेही तेच. तेव्हा त्याला कळलं, की म्हातारा दर्या झाला नव्हता.

मागे सहा होड्या थांबल्या होत्या. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर होते. हिरोजीने हात वर केला.

जाळी रिकामी आली. दुसऱ्या दिवशीही त्याने हात वर केला, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी तो हात नेमका पाण्याखालच्या खडकांवर वर झाला आणि चार होड्यांची जाळी फाटून चिंध्या झाली.

गावात सुकी मासळीही संपत आली. लोक कारण शोधू लागले. गावात येसू नावाची एक विधवा होती. नवरा समुद्रात गेल्यावर ती पलीकडच्या किनाऱ्यावरून इथे आली होती आणि सगळ्यांची जाळी सांधून पोट भरत होती. कुणीतरी म्हणालं, "तिचा हात लागतो जाळ्यांना, म्हणून दर्या रुसला." संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांनाच खरं वाटू लागलं.

गाव वाळूवर जमलं. पाटील म्हणाला, "येसू, आमचा इलाज नाही. उद्या तू गाव सोड."

येसू भांडली नाही. गाठोडं बांधून ती हिरोजीसमोर आली. "तांडेलबाबा, तुमचं जाळं अर्धं राहिलंय. रातोरात सांधून ठेवते, मग जाते."

हिरोजीने तिचे ओठ वाचले. एकेक शब्द त्याला वाचता आला. गप्प राहिलं असतं तर त्याचा मान तसाच राहिला असता.

"थांबा," तो म्हणाला. "दर्या रुसला नाही. मी बहिरा झालोय."

"काय म्हणता बाबा? मग हात का वर करत होता?" पाटलाने विचारलं.

"खाली ठेवायची लाज वाटली."

जाळं फाटलेला एकजण पाठ फिरवून निघून गेला. पाटलाला येसूकडे बघवेना. त्याने खाली वाकून तिचं गाठोडं स्वतः उचललं आणि तिच्या घरात नेऊन ठेवलं.

दुसऱ्या सकाळी हिरोजीने तांडेलाची जागा सोडली आणि येईल त्याला शिकवायला बसला. वल्हं किती खोल धरायचं, श्वास कधी रोखायचा, लाटेचा आवाज कसा वेगळा काढायचा. दोन दिवस कुणालाच काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी येसू म्हणाली, "बाबा, मी ऐकून बघू?"

"होडीत बाई?" कुणीतरी पुटपुटलं. पण तिला अडवायचं तोंड आता कुणाला उरलं नव्हतं.

"ये पोरी," हिरोजी म्हणाला आणि त्याने तिला आपल्या होडीत घेतलं.

खोल पाण्यात येसूने वल्ह्याला कान लावला, डोळे मिटले. धुकं दाट होतं. बराच वेळ गेला. मग तिचा चेहरा सावकाश उजळला.

"काय ऐकू येतंय?" हिरोजीने अधीर होऊन विचारलं.

"पाण्याखाली कुणीतरी जातं फिरवतंय, बाबा."

म्हातारा खळखळून हसला. "मला इतकी वर्षं ढोलच वाटत होता!"

पलीकडच्या होडीतून कुणी ओरडलं, "मलाही येतोय!" भराभर जाळी पडली आणि दुपारी होड्या पाण्यात खोल बसून घरी आल्या.

पुढच्या वर्षापर्यंत प्रत्येक होडीत एक तरी ऐकणारा तयार झाला. कधी ते चुकत, तेव्हा सरळ सांगत, "आज नाही कळत." हिरोजी त्यांच्याबरोबर जायचा, मधल्या फळीवर बसायचा आणि एकेकाला विचारायचा, "तुला कसं ऐकू येतं रे?" उत्तरं मात्र रोज नवी मिळायची.

तात्पर्य: मोठेपण राखायला आपली उणीव झाकली, की तिची शिक्षा दुसऱ्या कुणाला तरी भोगावी लागते.