थांबे महाराज आणि वेस्त्याचा बाण

सातपुड्याच्या पायथ्याशी बोरपाणी नावाचे गाव आहे. थांबे महाराज तेथे आले ते खरे तर पुढच्या गावाला निघालेले. ऊन फार म्हणून घटकाभर चिंचेखाली टेकले, त्याला अकरा वर्षे झाली. लोक दर्शनाला येत, गाऱ्हाणी सांगत आणि महाराज बहुतेकांना एकच उपदेश करीत, "थांब जरा." जे थांबत त्यांचे भले होई. जे थांबत नसत त्यांचेही पुष्कळदा होई, पण ते सांगायला परत येत नसत.

वेस्त्या हा महाराजांचा भक्त. धनुष्ये करणे हे त्याच्या घराण्याचे सात पिढ्यांचे काम. तिकडे धनुष्याला कामठा म्हणतात. बाप वारला, काम वेस्त्याच्या हाती आले आणि तेव्हापासून एक विचित्र प्रकार सुरू झाला. बांबू त्याच बेटातला, दोरी तशीच, पिसेही तशीच. पण बाण सुटला की शेपूट हलवत जाई. रानडुकरावर सोडलेला बाण डुकराच्या शेजारून ओळखीच्या माणसासारखा निघून जाई.

त्याचा थोरला चुलतभाऊ रायला हाही कामठे करी. उंचापुरा गडी, पंजे सुपाएवढे, आणि बाण सुतासारखे सरळ. तो चारचौघांत म्हणे, "वेस्त्या, तुझ्या बाणाला भाकरीचा तुकडा दाखव. तसाच परत येईल." वेस्त्या महाराजांना विचारायला निघाला की म्हणे, "जा. जो माणूस अकरा वर्षं जागचा हलला नाही, तोच तुझा बाण चालवणार."

त्या भागातल्या सात पाड्यांची एक रीत होती. माघी पौर्णिमेला देवीच्या माळावर सागाच्या फांदीला वेताचे कडे टांगत आणि कड्याला घुंगरू बांधत. कामठे करणाऱ्या प्रत्येक घराने तीन बाण सोडायचे. घुंगरू न वाजता एक जरी कड्यातून पार झाला तरी घर पास. बाण शेपूट हलवत गेला तर शेपूट कड्याला लागणारच. ओळीने तीन वर्षे ज्या घराचा एकही बाण पार होणार नाही, त्याने आपली हत्यारे देवीपुढे ठेवायची आणि पुन्हा बांबूला हात लावायचा नाही. वेस्त्याची दोन वर्षे अशीच गेली होती. हे तिसरे. सात पाड्यांत कामठे करणारी आता दोनच घरे उरली होती, एक रायलाचे आणि एक त्याचे.

त्या दिवशी सकाळी तो चिंचेखाली आला. "महाराज, आज एक बाण तेवढा सरळ जाऊ द्या."

"बाण मी सोडतो का?" महाराज म्हणाले.

"मग निदान माळावर तरी या."

आणि महाराज उठले. पुढच्या चमत्काराविषयी लोकांत थोडे मतभेद आहेत, पण हा मात्र सगळे एकमुखाने मान्य करतात. महाराज बसत ती जागा बघायला चार माणसे मागे रेंगाळली.

माळावर रायलाने तिन्ही बाण पार केले. घुंगरू गप्प. "हाताला गुण असावा लागतो," तो म्हणाला आणि हात सर्वांना दिसेल असा धरला.

वेस्त्याचा पहिला बाण गेला. घुंगरू खुळखुळले. वेस्त्याने दुसरा लावला, ओढला, सोडला. त्याच क्षणी महाराज म्हणाले, "थांब जरा."

बाण थांबला.

धड कामठ्यातून सुटलेला नाही, धड कामठ्यात नाही, असा छातीइतक्या उंचीवर तो हवेत आडवा राहिला. माळावरचे लोक पुढे सरकून बघू लागले. शेवटी गावचे कारभारी जालमबाबा म्हणाले, "हे रीतीला धरून आहे का?"

"निघालेल्या बाणानं किती वेळात पोचावं, ते रीतीत सांगितलेलं नाही," मागून कोणीतरी म्हणाले. कारभाऱ्यांनी विचार केला आणि ते मान्य केले.

वेस्त्या हात जोडू लागला. महाराज म्हणाले, "हात नंतर जोड. आधी बघ. तीन वर्षं तुला हेच बघायचं होतं ना?"

वेस्त्या वाकला आणि त्याने पाहिले. बाणाची पिसे बांबूवर येऊन घासत होती, तरी दोरीने मागची खाच सोडली नव्हती. सासरी निघालेल्या लेकीचा पदर आईने उंबऱ्यातच धरून ठेवावा, तसे झाले होते. दोरी बांबूच्या फार जवळ होती, म्हणून बाणाला उशिरा सोडत होती आणि शेपटीला हिसका बसत होता. बाप सांगत असे, "बांबू न् दोरीत आपली मूठ मावली पाहिजे, वर अंगठा उभा." वेस्त्या दर वेळी मूठ लावून बघे. पण बापाची मूठ केवढी! वेस्त्याचे हात आईवर गेलेले, लहानखुरे. तीन वर्षे तो अत्यंत काळजीपूर्वक चुकत होता.

त्याने कामठा हळूच मागे काढून घेतला. बाण तसाच हवेत राहिला.

"नजरबंदी आहे ही," रायला पुढे आला. "दोरा बांधलाय कुठंतरी." त्याने बाण मुठीत धरून ओढला. हलेना. मग त्याने दोन्ही पाय उचलून सगळे वजन टाकले.

"थांब जरा," महाराज म्हणाले.

रायलाही थांबला. पाय जमिनीपासून हातभर वर, एक मूठ बाणाभोवती. महाराज दयाळू, म्हणून जीभ तेवढी मोकळी ठेवली होती.

वेस्त्या त्या मुठीकडे बघत राहिला. ती बापाची मूठ होती. आज्याचीही तीच असणार. घराण्याचा हात चुलत्याच्या घरी गेला होता आणि रायला त्यालाच आपला गुण म्हणत होता. गवताची काडी घेऊन माप घ्यायला क्षणही लागला नसता. वेस्त्याने काडी तोडली आणि तो रायलासमोर उभा राहिला.

"दादा, तुझी मूठ मोजू का?"

"विचारतोस कशाला?" रायला वरून म्हणाला. "मी कुठं पळून चाललोय?"

"मूठ तुझी आहे."

रायलाने मनात हिशेब केला. सातही पाड्यांना कामठे पुरवणारे एकच घर उरायला एका बाणाचे अंतर राहिले होते.

"मोज," तो म्हणाला. तेवढ्यात त्याचा अंगठा मोकळा झाला आणि त्याने तो आपण होऊन उभा केला.

माप घेऊन होताच बाण आणि रायला एकदमच खाली पडले. वेस्त्याने दोरीची गाठ सोडली आणि ती आखूड करून, काडी लावून, पुन्हा बांधली. कामठा अधिक वाकला, दोरी बांबूपासून दूर सरली. त्याने तिसरा बाण सोडला.

घुंगरू वाजले नाही, ते सगळ्या माळाने ऐकले.

रायलाने महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. मग तो वळला आणि धाकट्या भावापुढे वाकला. वेस्त्याने घाईघाईने पाय मागे घेतले. "दादा, हे काय? थोरला तू."

"तू मला विचारलंस," रायला म्हणाला. "मी नसतं विचारलं."

आणि महाराजांनी थांब म्हटले नव्हते, तरी तो वाकलेलाच राहिला.