बंद पानातला तपास

सागाच्या एका विरळ जंगलात एक खार राहत असे. वय झाल्यामुळे उडी मारण्याआधी ती आता दोनदा विचार करी. पुढच्या पावसाळ्यांत ओल्या फांद्यांवर घसरत हिंडायला लागू नये, म्हणून दोन उन्हाळे राबून तिने ढोलीभर चारोळ्या साठवल्या होत्या. एक दिवस तिच्या झाडाखाली एक कोल्हा आला. "खारूताई, ढोलीत ठेवून चारोळ्या वाढतात का कधी?" तो गोड आवाजात म्हणाला. "माझ्या कोठारात ठेवा. आज एक ठेवायची, होळीला दोन न्यायच्या." खारीने आधी त्याला उडवून लावले. पण शेजारच्या पोपटाला होळीच्या आधीच खरोखर एकीच्या दोन मिळाल्या, तेव्हा तिलाही मोह आवरला नाही आणि तिने सगळी ढोली त्याच्या कोठारात रिकामी केली. मुलांनो, पोपटाला मिळालेली ती दुसरी चारोळी मैनेने ठेवलेली होती, हे तिला कोण सांगणार? होळी आली आणि कोल्हा पसार झाला.

फसलेले सगळे रडत-भेकत हत्तिणीकडे गेले. न्याय करावा तर तिनेच, असे सारे जंगल म्हणे. तिने मुंगसाला तपासाला लावले आणि बजावले, "दर पौर्णिमेच्या सकाळी वडाखाली यायचं आणि तपास कुठवर आला ते दाखवायचं. मी स्वतः लक्ष ठेवणार आहे." हे ऐकून खारीला इतका धीर आला, की त्या दिवशी ती पोटभर जेवली. आता जंगलाची रीत अशी होती, की तपासात जे हाती लागेल ते पळसाच्या पानात गुंडाळायचे आणि पान काडीने टाचून आणायचे. ते उघडायचे मात्र नाही. उघडले तर चोर सावध होतो म्हणे! त्यामुळे हत्तीण सोंडेने नुसते टाके चाचपून बघे.

"पान बंद आहे?"

"बंद आहे, बाईसाहेब."

"तपास चालू आहे?"

"चालू आहे, बाईसाहेब."

"चालू ठेवा. पुढची पौर्णिमा."

अशा किती पौर्णिमा गेल्या! खार दोन टेकड्या ओलांडून यायची, हे चार शब्द ऐकायची आणि त्याच टेकड्या ओलांडून परत जायची. पावसाळा तिने साली कुरतडून कसाबसा काढला. मैनेने येणे सोडले. पोपट म्हणाला, "सोड गं आता, कशाला पाय झिजवतेस?" खारीला कोल्ह्याचा रागसुद्धा येईनासा झाला होता. ती नुसती थकली होती, आणि एक दिवस आपणही यायचे सोडून देऊ, याचीच तिला भीती वाटे.

तेराव्या पौर्णिमेला ती इतकी दमली होती, की वर फांदीवर न चढता मुंगसाच्या पायाशीच बसली. मुंगसाने पान पुढे केले, तेव्हा तिला त्याच्या कडेला अळीने पाडलेले एक वाकडे भोक दिसले. हे भोक आपण आधी कुठे पाहिले? मागच्या पौर्णिमेला, वरच्या फांदीवरून. त्याच्या मागच्याही.

"बाईसाहेब," ती म्हणाली, "दर वेळी हे एकच पान येतंय. हे भोक बघा."

हत्तिणीने पहिल्यांदाच काडी ओढून पान उघडले. आत एक चारोळी होती आणि चिमूटभर पांढरी माती. पांढरी माती त्या जंगलात एकाच जागी होती, ओढ्यापलीकडच्या कपारीत.

"म्हणजे तुला कोठार सापडलं होतं?"

"पहिल्याच पौर्णिमेला, बाईसाहेब," मुंगूस म्हणाला. "कपारीत शिरायला तुमचा हुकूम हवा होता. तुम्ही टाके बघितलेत आणि पान परत दिलंत. दुसऱ्या खेपेलाही तेच. मग मी म्हटलं, नवीन पान कशाला शिवा?"

हत्तिणीचे हलते कान थांबले. "आता तारीख नाही," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता चला."

पळताना कोल्ह्याला न्यायला न जमलेल्या चारोळ्यांचा ढीग कपारीत तसाच पडून होता. खारीने धावत जाऊन एक उचलली. वरून अगदी धडधाकट, पण हाताला हलकी. कवचाला टाचणीएवढे भोक होते आणि आत भुसा. तिने दुसरी उचलली, मग दहावी, मग विसावी. वर्षभराच्या ओलीने आणि किड्यांनी सगळा ढीग पोखरून टाकला होता.

"चूक माझी आहे," हत्तीण हळूच म्हणाली. "मी लक्ष ठेवलं, पण टाक्यांवर."

पानातली ती एकच चारोळी कोरडी राहिली होती, म्हणून शाबूत होती. हत्तिणीने ती खारीपुढे धरली.

"अहो, तो पुरावा आहे!" मुंगूस घाईने म्हणाला. "पुढच्या पौर्णिमेला लागेल."

पुढची पौर्णिमा हे शब्द कानावर पडताच खारीने चारोळी दातात धरली, कटकन फोडली आणि तिथल्या तिथे खाऊन टाकली.

तात्पर्य : तपासावर लक्ष ठेवणाऱ्याने पान बंद आहे की नाही एवढेच पाहू नये, ते वेळेवर उघडून पाहावे, उशिरा उघडले तर चोराचे कोठार सापडतही असेल, पण ज्याचे गेले त्याच्या हाती भुसाच येतो.