हरलेल्या सेनापतीचं चित्र

तिकडे लांब जपानात गेन्साकू नावाचा एक चित्रकार राहायचा. त्याची बायको ओसायो. तो कागदावर चित्र काढायचा, ती ते लाकडात कोरायची. मग शाई लावून पानं छापायची. दोघांचं पोट त्यावरच चालायचं.

एकदा गेन्साकूने चीनमधल्या एका जुन्या लढाईचं पुस्तक काढायला घेतलं. त्या लढाईत तुंग नावाचा सेनापती हरला होता. गेन्साकूने त्याला घोड्यावर बसवलं. मागे नदी काढली, नदीतून परतणारे दमलेले शिपाई काढले. मग सेनापतीचे डोळे रंगवले, आणि काय सांगू, तुंग चित्रातून बाहेरच आला! बोटाएवढा नाही हं, चांगला दाराएवढा उंच.

"माझी दाढी आखूड झालीय," तो गुरकावला.

गेन्साकूने दाढी वाढवली.

"माझं निशाण फाटकं का?"

गेन्साकूने निशाण धड केलं.

मग तुंगने तलवारच उपसली. "आता मी जिंकलो असं काढ! नाहीतर तुझा हात राहायचा नाही."

हात गेला तर खायचं काय? तरी गेन्साकू म्हणाला, "महाराज, दाढी माझ्या हातात आहे. हारजीत नाही."

तुंगने तलवार उचलली. तेवढ्यात ओसायो पुढे झाली. तिने चित्र त्याच्यासमोर धरलं.

"महाराज, जरा चित्रात तुमच्या घोड्यामागे बघा. हे कोण?"

तुंगने पाहिलं. एक शिपाई दुसऱ्याला पाठीवर घेऊन पाण्यातून चालला होता. एकाचा पाय मोडलेला. एक तर अगदीच पोरसवदा.

"ही माझी माणसं," तो हळूच म्हणाला.

"जिंकलात असं काढायचं, तर ह्यांना पुसावं लागेल."

मग बरं का, तुंगने तलवार म्यान केली. आला तसा चित्रात शिरला. दोघांनी वाकून पाहिलं, तर घोड्यावर पाय मोडलेला शिपाई बसलेला, आणि तुंग लगाम धरून गुडघाभर पाण्यातून चाललेला.

ओसायोने ते तसंच कोरलं. पुस्तक झालं. लोक ते पान उघडून कितीतरी वेळ बघत बसायचे. गेन्साकूचा हात शाबूत राहिला, आणि दोघं म्हातारी होईपर्यंत सुखाने चित्रं छापत राहिली.

आणि ते शिपाई? पोचले हो, सगळे आपापल्या घरी पोचले. आयांनी त्यांना गरम भात वाढला, अंथरुणं घातली. तुमचंही घातलंय. पाय आत घ्या, आणि निजा पाहू.